चौदा नंबरच्या वर्गाची कडी

मी एक जुनी लोखंडी कडी आहे. कॉलेजच्या पहिल्या मजल्यावर चौदा नंबरचा वर्ग आहे, त्याच्या दाराला मी आतून बसवलेली आहे. वीतभर दांडा, त्याला धरायला एक बोंड आणि समोरच्या चौकटीत एक भोक, एवढाच माझा संसार. दांडा सरकून भोकात गेला की दार बंद. काम केवढंसं, पण मित्रांनो, मी दमले आहे. लोखंड कसलं दमतंय, असं म्हणाल. अहो, वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही, की लोखंडही दमतं.

मला बसवणाऱ्या सुताराने चार स्क्रू पिळले, मला तीनदा पुढेमागे सरकवलं आणि म्हणाला, "लोण्यात सुरी." तेवढीच काय ती माझी वाहवा. पुढे गणिताचे एक कडक सर आले. घंटा झाली की ते मला लावायचे आणि उशिरा आलेली मुलं बाहेर ताटकळत मला शिव्या घालायची. शिव्याही गोड वाटायच्या हो, निदान दखल तरी घेत होती. सर निवृत्त झाले आणि मी अडगळीत पडले, तीही जागच्या जागी. माझ्या बोंडावर आक्कांचं ओलं फडकं लटकू लागलं.

आक्का म्हणजे आमचा मजला झाडणाऱ्या बाई. देवाचं नाव गुणगुणत झाडायच्या. बाकांना चिकटलेलं च्युइंगम खरवडायला कमरेला पत्र्याचा एक तुकडा खोचलेला असायचा.

मग कुठल्याशा दूरच्या कॉलेजात कुणी शस्त्र घेऊन शिरल्याची बातमी आली आणि आमच्याकडे सुरक्षा समिती बसली. नियम झाले: भोंगा वाजला की कडी लावायची, दिवे घालवायचे, भिंतीशी गप्प बसायचं आणि सूचना होईपर्यंत दार उघडायचं नाही. दर तीन महिन्यांनी सराव. मला वाटलं, चला, देवाला आपली आठवण आली.

पण समितीला प्रत्येक वर्गात किती मुलं बसली ते कागदावर लिहायचं होतं. दार बंद असलं तर डोकी मोजणार कशी? तेव्हा ऑफिसातले हेडक्लार्क, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, त्यांनी तोड काढली. "सरावापुरती दारं सताड उघडी ठेवा." झालं. असे नऊ सराव झाले. मुलं भिंतीशी खिदळत बसायची, समिती व्हरांड्यातून मोजत जायची आणि भाऊसाहेब लांबूनच कागदावर 'कडी' या शब्दापुढे 'ठीक' अशी खूण करायचे. मी फडकं सांभाळत होते.

त्यातच रंगकाम निघालं. रंगारी टापटिपीचा. चौकटीतलं भोक त्याला खोट वाटलं. त्याने पुट्टी भरली, घोटून गुळगुळीत केली, वर रंग मारला. आता मी सरकून जाणार कुठे?

चौकट पुसताना आक्कांच्या ते लक्षात आलं. त्यांनी ऑफिस गाठलं.

"भाऊसाहेब, चौदा नंबरचं भोक बुजवलंय. कडी लागायची नाही."

"आक्का, नऊ सराव झाले. एकदा तरी लागली होती का?"

"नाही बाई."

"मग घोडं अडलंय कुठे?"

सगळं ऑफिस हसलं. आक्काही हसल्या आणि परत आल्या. त्याच वर्षी भाऊसाहेबांची धाकटी लेक चौदा नंबरच्या दुसऱ्या बाकावर बसायला लागली.

आता नीट ऐका. एका मंगळवारी दुसऱ्या तासाला भोंगा वाजला. "नोटीस नाही, आज कसला सराव?" म्हणत मुलं बसूनच राहिली. तेवढ्यात जिन्यातून आरडाओरडा ऐकू आला. कसला तरी राग डोक्यात घेऊन एक माणूस कोयता घेऊन शिरला होता. इतिहासाच्या मॅडमनी मला ढकललं. ठक्. पुन्हा ढकललं. ठक्.

"जातच नाहीये," मॅडम म्हणाल्या.

आक्का व्हरांड्यात होत्या. मागचा जिना त्यांच्या चार पावलांवर होता. त्या जिन्याकडे गेल्या नाहीत, वर्गात शिरल्या आणि दार लोटून घेतलं.

"सरका मॅडम. दार दाबून धरा." त्यांनी कमरेचा पत्रा काढला.

मॅडमनी आणि भाऊसाहेबांच्या लेकीने दाराला पाठ लावली. आक्का खरवडत होत्या. रंगाचे पापुद्रे उडाले, पुट्टी मात्र दगड झालेली. बारा नंबरचं दार धाडकन उघडल्याचं ऐकू आलं. वर्ग रिकामा होता. मग तेरा नंबर. तोही रिकामाच.

"लाव गं," आक्का कुजबुजल्या.

लेकीने मला सरकवलं. मी जेमतेम नखभर आत गेले. बाहेरून मूठ फिरली, दाराला धक्का बसला, मग दुसरा. माझे स्क्रू करकरले. त्या नखभर लाकडाला मी जिवाच्या कराराने धरून राहिले. मग पावलं पुढे गेली. व्हरांड्याच्या टोकाला पहारेकऱ्यांनी त्याला पकडलं. देवाची कृपा, कुणाला ओरखडाही आला नाही.

थोड्या वेळाने दारावर थाप पडली. "बाळा, मी आहे. उघड."

लेकीचा हात अजून माझ्यावरच होता. "बाबा, सूचना होईपर्यंत उघडायचं नाही."

मग भाऊसाहेबांनी दाराच्या फटीला तोंड लावून विचारलं, "सगळे आहात ना?"

"एक्केचाळीस. मॅडम आणि आक्का धरून त्रेचाळीस."

बघा, बंद दाराआडूनही मोजता येत होतं. नऊ सरावांत कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब सुताराला घेऊन आले, स्वतः तेलाची बाटली धरून. आक्कांना म्हणाले, "मी तुमचं ऐकलं नाही."

"मी तरी कुठे दुसऱ्यांदा सांगितलं?" आक्का म्हणाल्या. "हसून मोकळी झाले."

आता सरावाला दार बंद असतं. आतला आकडा लिहिलेली चिठ्ठी दाराखालून बाहेर सरकते. फडक्यासाठी वेगळा खिळा ठोकलाय. माझा एक स्क्रू मात्र त्या दिवसापासून सैल आहे, आणि मी दमलेली ती दमलेलीच.

मित्रांनो, तुमच्याही वर्गाच्या दाराला माझी एखादी बहीण असेल. आज जाताना तिला एकदा सरकवून बघा. सरकली नाही तर कुणाला तरी सांगा. तो हसला, तर उद्या जाऊन पुन्हा सांगा.