लोखंडी चहा

आमच्या बोअरचं पाणी निघताना नितळ दिसतं अन् जरा ठेवलं की तांबडं व्हतंय. घागरीच्या बुडाला गेरूवाणी गाळ बसतो. अन् त्या पाण्याचा चहा टाकला की निस्ती शाई! दूध कितीबी घाला, काळाच. सोयरे आले की मी लक्ष्मम्मावहिनीला डिवचायची, "वहिनी, पाव्हण्यांना कप देऊ का दौत?" वहिनी हसायची. ती देगलूरच्या पल्याडची, तेलंगणातली. चिडणं तिला ठावंच न्हाई. या घरात चिडायचं खातं माझ्याकडं हाय. नवरा गेल्यावर मी भावाकडं आले, पुढं भाऊ बी गेला, पण साखराबाईचं तोंड काही कुणाला बंद करता आलं न्हाई.

एकदा पाणी तपासणारे आले अन् 'यात लोखंड लई हाय' म्हणून गेले. झालं! वहिनीनं तेवढंच धरून ठेवलं. "बघा, साखराबाई, लोखंड चहात कसं उतरतंय. म्हणून तर काळा व्हतो." तवापासून आमच्या घरात त्याचं नावच पडलं, लोखंडी चहा. कुणी जरा दमलं की वहिनी म्हणायची, "घ्या लोखंडी चहा, ताकद येती."

वहिनीची लेक दीपमाला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तवा पोरीच्या ओठाला रंग न्हवता. उपकेंद्रातली बुद्धप्रिया सिस्टर म्हणली, रगत सातावर हाय, लई कमी. तिनं तांबड्या गोळ्या दिल्या, लोखंडाच्या. उपाशीपोटी घेतली की पोरीला मळमळायचं. मग वहिनीनंच तोड काढली. गोळी चहासंगं द्यायची. "लोखंडाची गोळी, वरून लोखंडी चहा. डबल ताकद!" रोज सकाळी स्वतःच्या हातानं पोरीच्या तोंडात गोळी घालायची अन् कप पुरता रिकामा झाल्याबिगर उठू द्यायची न्हाई.

पुढच्या तपासणीला रगत तेवढंच. उलट जरा उतरलेलं. सिस्टर भडकली. "गोळ्या उकिरड्यावर टाकता अन् मला खोटं सांगता!" दीपमाला सगळ्या बायांसमोर रडायला लागली. "शप्पथ सिस्टर, रोज खाते." सिस्टरला पटलं न्हाई. मला कळलं तशी मी तरातरा गेले अन् तिला लई बोलले. "आमची पोरगी खोटं बोलत न्हाई! तुझ्या गोळ्याच नकली असतील!" तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणली, भांडत बसू नका, सोमवारी नांदेडला न्या, सलाईनमधून लोखंड देतील.

सोमवार कशाला येतोय! शनिवारीच कळा सुरू झाल्या. देगलूरला पोरगी झाली, बारीकशी, पण रडली. दीपमालाचं रगत मात्र थांबंना. ॲम्ब्युलन्समध्ये घातलं अन् नांदेडला निघालो. वहिनी डोक्याशी, मी पायाशी. पाय थंडगार. मी चोळत राहिले, बडबडत राहिले. नायगावच्या पुढं तिनं डोळे उघडले. मला वाटलं लेकराचं विचारंल. तर म्हणली, "आत्या, सिस्टरला सांग, मी एक बी गोळी टाकली न्हाई गं."

दवाखान्यात रगताची पिशवी लावली. ती अर्धी बी उतरली न्हाई.

पोरीचा दहावा-तेरावा झाला. लेकरू वहिनीच्या मांडीवरच असायचं. भेटायला येणाऱ्या बायांना ती एकच सांगायची. "अय्यो, काय कमी केलं मी? एक दिवस चुकवलं न्हाई. माझ्या हातानं दिली गोळी, माझ्या हातानं." तेवढं एक वाक्य तिच्याजवळ उरलं होतं. ते म्हणलं की तिचा श्वास जरा खाली बसायचा.

मग एक दिवस बुद्धप्रिया सिस्टर आली. वहिनी आत लेकराला निजवीत होती. मी सिस्टरला दारातच धरलं. "ये! पोरगी जाताना तुझ्यासाठी निरोप देऊन गेली." अन् सांगितला निरोप जसाच्या तसा. सिस्टर उंबऱ्यावरच बसली. लई वेळ रडली. मग डोळे पुसून म्हणली, "कशासंगं घ्यायची ती गोळी?"

"चहासंगं," मी म्हणले.

ती म्हणली, "अवं आत्या, चहा लोखंडाला धरून ठेवतो, अंगाला लागू देत न्हाई. लिंबूपाण्यासंगं घेतली तर लागते. तुमचा चहा काळा कशानं व्हतो? त्यानंच. तिथं कपात दिसतंय, तेच पोटात व्हतंय. त्यानंच गेली असं मी न्हाई म्हणत. रगत लई वाहिलं. पण मी हे आधी विचारायला पाहिजे होतं."

मला शिवी द्यायची होती. कुणाला द्यावी ते कळंना. रोज डोळ्यांसमोर काळं होत होतं अन् आम्ही त्याला ताकद म्हणत होतो! मी तिला म्हणले, "वहिनीला सांगू नको. मी सांगते." अन् मी काही सांगितलं न्हाई. कशी सांगणार? तिचं ते एक वाक्य बी काढून घेऊ?

पण घरात वहिनीची सून पुनम बी पोटुशी, चौथा महिना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर आले तर वहिनी एका मांडीवर लेकरू घेऊन बसलेली. पुनम पुढ्यात. वहिनीच्या तळव्यावर तांबडी गोळी, शेजारी वाफाळता काळा कप.

"खा गं. लोखंडी चहा हाय."

मी धावत जाऊन कप उचलला अन् अंगणात ओतला. "चहासंगं न्हाई द्यायची!"

"मग कशासंगं?"

"लिंबाच्या पाण्यासंगं."

"का वो, साखराबाई?"

जन्मभर माझं तोंड चाललं, अन् तवा चालंना. वहिनीनं अंगणातल्या मातीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "सिस्टर काल त्यासाठी रडत होती?"

मी मान डोलावली.

"म्हंजे दीपूला मी दिलेली एक बी लागली न्हाई?"

"काही लागल्या असतील की, वहिनी," मी म्हणले. माझंच मला खोटं ऐकू आलं.

तिनं गोळी पुनमच्या हातावर ठेवली. मग मांडीवरचं लेकरू उचललं अन् माझ्या पदरात घातलं. "घ्या हिला तुम्ही," ती म्हणली. "माझ्या हातानं आता कुणाला काही द्यायचं न्हाई."