रंगारीणबाईंची घागर

माझ्या सासऱ्यांनी विहिरी खणल्या, यजमानांनी पाणीपुरवठ्याच्या वाळूच्या गाळण्या सांभाळल्या, मुलाने पंप चालवले. नात पडदे सांभाळते. कागदाहून पातळ असे ते पडदे. घाण पाणी त्यांतून दाबून गाळतात.

यजमानांच्या गाळण्या तुंबल्या त्या उन्हाळ्यात सारे शहर आमच्या नावाने खडे फोडीत होते. शेजारी दारे लावून बसले. तेव्हा कापड रंगवण्याच्या कारखान्यातल्या रंगारीणबाई आपली भरलेली घागर आमच्या उंबऱ्यात ठेवून गेल्या. ती रिकामी परत करणे मला शोभले नसते, आणि भरून द्यावी तर पाणीही तसे तोलामोलाचे हवे; म्हणून ती आमच्याकडेच राहिली.

आता त्यांच्याच कारखान्याला कुलूप लागायची वेळ आली होती. सांडपाणी स्वच्छ करा, नाहीतर बंद करा, असा हुकूम होता. काम नातीकडे आले. सकाळी बसवलेले पडदे दुपारी तुंबत. ती दाब वाढवी. ते अधिकच तुंबत. रोज पाय ओढत घरी येई.

"आजी, हरले मी. पाणी पुढे सरकतच नाही."

"आधी जेव. हरल्याचं भरल्या पोटी सांग."

तुंबलेला एक पडदा तिने खिडकीत वाळत टाकला होता. सकाळी उचलला, तर फळीसारखा ताठ.

"तुझ्या कांजी केलेल्या चादरीसारखा कडक झालाय गं!" म्हणाली आणि थबकली. "खळ! आम्ही सगळे रंगाच्या मागे. रंगवण्याआधी कोऱ्या कापडाची धुऊन काढलेली खळ त्याच गटारात जातेय, आणि मी दाब देऊन ती थापत बसलेय!"

आता कारखाना चालवणाऱ्या रंगारीणबाईंच्या मुलाने कपाळावर हात मारला. "वडिलांपासून तिथेच ओततोय, ताई."

"वडिलांच्या वेळी पडदे नव्हते, काका."

खळीचे पाणी वेगळ्या टाकीत वळवले. पडद्यांना मधूनमधून विसावा देऊन उलट्या बाजूने धुतले. पाणी वाहू लागले. रंगारीणबाईंनी त्यात पांढऱ्या सुताची लड बुडवली, पांढरीच निघाली. तपासनीसही पाणी तपासून हुकूम मागे घेऊन गेले.

मी घागर घासली, त्याच पाण्याने भरली.

"आजी, दे इकडे. गुडघे बघ तुझे."

"गुडघे माझे, घागरही मीच नेणार."

"अगंबाई, इतकी वर्षं कुठे होती ही?" रंगारीणबाईंनी विचारले.

"भरायची राहिली होती."

त्यांनी ती रंगाच्या हौदात शेवटच्या थेंबापर्यंत ओतली आणि फळीवर, तिच्या जुन्या जागी, पालथी घातली. मग आम्ही दोघी हौदाच्या कडेला टेकलो. उठायची घाई कुणालाच नव्हती.