अडचण येऊ नये म्हणून

मुग्धाने उशीचा जुना अभ्रा पंख्याच्या पात्यावर चढवला आणि हलकेच ओढला. वर्षभराची धूळ अभ्र्यात उतरली, तरी थोडी डोळ्यांत गेलीच. खाली चार वर्षांची वेदिका स्टूल धरून उभी होती.

"आई, आजी कधी येणार?"

"परवा."

"मग परवापर्यंत तू वरच राहणार?"

मुग्धा हसली. बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या त्या इमारतीत दारोदारी चांदण्या लागल्या होत्या, शाळेला नाताळची सुट्टी लागली होती, सुट्टी नव्हती ती तिलाच. सकाळी लॅपटॉप, दुपारी माळे, संध्याकाळी पुन्हा लॅपटॉप. कामाला येणारी फिलोमिना अक्का सुट्टीवर. "मेडम, हमारा भी क्रिसमस है ना? घर में स्वल्प पेंटिंग बाकी है," असं म्हणून ती गेली. तिलाही आपली जळमटं काढायची होतीच की!

सासूबाई सुलभाताई आणि नणंद अंजली मुलाबाळांसह पुण्याहून यायच्या होत्या. शंतनुच्या बढतीचा सत्यनारायण दिवाळीपासून राहिला होता. सुट्टी सगळ्यांना एकदम मिळते म्हणून पंचवीस तारीख ठरली. शंतनुने बायकोला एक व्हिडिओही पाठवला होता, 'ताण न घेता घर आवरा.' त्यातली बाई मेणबत्ती लावून, गाणं ऐकत एक खण पुसत होती. 'बघ, किती सोपंय,' असं त्याने खाली लिहिलं होतं.

तेवढ्यात तोच बाजारातून आला. मुग्धा खाली उतरून पिशवी रिकामी करू लागली. फिनाईल, घासण्या, रवा, कापूर, सुपाऱ्या. आणि तळाशी गोळ्यांचं पाकीट.

तिने ते ओळखलं. सणावाराला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या.

"शंतनु, हे काय?"

"अगं, आईने नाव पाठवलं होतं. मेडिकलवाल्याने चिठ्ठीसुद्धा मागितली नाही. तुझी तारीख त्याच आठवड्यात येते ना?"

"आईंना कुणी सांगितली माझी तारीख?"

"मीच. तिने विचारलं." गाडीची वेळ सांगावी तसं तो म्हणाला.

मुग्धा भिंतीला टेकली. वेदिका झाली तेव्हा तिच्या डाव्या पोटरीत रक्ताची गुठळी झाली होती. पाय भोपळ्यासारखा सुजलेला, कित्येक महिने पोटात इंजेक्शनं. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून बजावलं होतं: असल्या गोळ्या हिने आम्हाला विचारल्याशिवाय कधीच घ्यायच्या नाहीत, गुठळी छातीत गेली तर जिवावर बेतेल. तेव्हा शंतनुने जोरजोरात मान हलवली होती.

"डॉक्टर काय म्हणाल्या होत्या, आठवतंय ना?"

"आठवतंय गं. पण ते बाळंतपणाचं होतं. आता तू ठणठणीत आहेस. थोड्या दिवसांचाच तर प्रश्न आहे." त्याने डोळे चोळले. तोही दमलेलाच होता. "ऐनवेळी तुला अडचण आली तर पूजेला जोडीने कोण बसणार? स्वयंपाक कोण करणार? आईला नाही म्हणायचं म्हणजे... तुला माहितीये."

तिला माहीत होतं. इतका शीण आला होता की नाही म्हणण्यापेक्षा हो म्हणणं सोपं वाटत होतं. किती घरांतल्या बाया अशाच, भांडायचं त्राण नाही म्हणून, नको त्या गोष्टी गिळत असतील! तिने पेल्यात पाणी घेतलं, गोळी तळहातावर काढली.

फोन वाजला. पडद्यावर सुलभाताई, आणि त्यांच्या खांद्यामागून डोकावणारी अंजली.

"आलं का गं सामान? घेतलीस का आजची?"

"आई, मला डॉक्टरांनी..."

"वहिनी, तू फार नेटवर वाचतेस हं!" अंजली हसली. "मी गेल्या आठवड्यापासून घेतेय. आहे की धडधाकट!"

"आणि मी नाही घेतल्या?" सुलभाताई म्हणाल्या. "शंतनुच्या मुंजीला घेतल्या, दरसाल गौरींना घेतल्या. मग महिना महिना अंगावरून जायचं. पण कळू दिलं का कुणाला? बाईच्या जातीला हे चुकत नाही. उद्या वेदिकालाही घ्याव्याच लागणार आहेत."

मुग्धाने वळून पाहिलं. वेदिका अजून रिकामं स्टूल दोन्ही हातांनी धरून उभी होती, आई पडू नये म्हणून.

तिने गोळी मोरीत टाकली आणि नळ सोडला.

"आई, मी नाही घेणार. पाळी आली तर तशीच पूजेला बसेन. चालत नसेल तर पूजा नको. पण तुम्ही सगळे या."

"म्हणजे सत्यनारायण तू बंद करणार?"

"माझा जीव जाऊ शकतो, आई."

"काहीतरी अभद्र बोलू नकोस! आम्ही यायला नको असू तर स्पष्ट सांग, तिकिटं रद्द करतो." फोन बंद झाला.

"एवढं तोडून बोलायची गरज होती?" शंतनु दारात उभा होता.

"माझ्या गुठळीचं तू आईंना कधी सांगितलं होतंस?"

 तो म्हणाला, "पायाला सूज आहे, एवढंच सांगितलं. ती घाबरली असती."

"मग आता सांग. घाबरू देत त्यांना. इतके दिवस मी एकटीच घाबरतेय."

 तो फोन घेऊन बाल्कनीत गेला. काचेआडून त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, फक्त एकदा त्याने कपाळाला हात लावलेला दिसला.

संध्याकाळी अंजलीचा फोन आला. आवाज दबका, मागे नळ चालू.

"वहिनी, दादा आईशी बोलला. ती देवापुढे नुसती बसून आहे. तुला एक विचारू? तुझा पाय दुखायचा तो कसा?"

"का गं?"

"काही नाही. बॅगा उचलताना पोटरी भरून आली असेल माझी."

"एकच पाय?"

"हं."

"सुजलाय? गरम लागतोय हाताला?"

नळाचं पाणी पडत राहिलं.

"अंजली, बॅगा राहू देत. गोळ्यांचं पाकीट बरोबर घे आणि आत्ता दवाखान्यात जा. उद्या नाही, आत्ता."

"अगं, पण आईला काय सांगू?"

"सांगू नकोस," मुग्धा म्हणाली. "त्यांनाच बरोबर घेऊन जा."