सगळ्यांच्या फोटोतला कोट

मित्रांनो, मी एक जुना काळा कोट आहे. सान्तियागो शहरात परदेशी लोकांना राहण्याचा परवाना देणाऱ्या कचेरीसमोर डॉन एलिसेओची (इथे 'डॉन' म्हणजे आपले 'राव') फोटोची टपरी आहे. तिथे खिळ्यावर मी लटकलेला असतो. सध्या माझे डोके भयंकर तापले आहे. तुम्हीच ऐका आणि न्याय करा.

शिंप्याने मला एका नवरदेवासाठी शिवले होते. लग्न मोडले आणि मी एलिसेओकडे आलो. माझे एक बटण तुटले, तेव्हा त्याच्या बायकोने स्वतःच्या झग्याचे पितळी बटण मला लावून दिले. तेव्हापासून हैतीहून, पेरूहून, व्हेनेझुएलाहून आलेला जो तो परवान्याच्या फोटोसाठी मला अंगात घालतो. कोणी रंगकाम अर्धे टाकून आलेला, कोणी मासळी बाजारातून धावत आलेला. माझ्यात शिरले की सगळे साहेब दिसत. "कोट पायगुणाचा आहे हो," असे म्हणत लोक माझी बाही कुरवाळत, आणि मी फुशारून जाई.

गेल्या महिन्यात मिरलांद आली. ती हैतीची, इथल्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला. तिचा परवाना संपत आला होता. नवा मिळाला नाही तर नोकरी जाणार होती. मला घालून तिने फोटो काढला, कचेरीत गेली आणि रडवेली होऊन परत आली.

"डॉन एलिसेओ, खिडकीवरचा साहेब म्हणतो, फोटो खोटा आहे! सगळ्यांच्या अंगात हाच कोट, म्हणजे ही टोळी आहे म्हणे."

"टोळी? अगं पोरी, नियमात कोटाबद्दल अवाक्षर नाही! चेहरा स्पष्ट हवा, एवढंच लिहिलंय. चल, बघतोच त्याला."

त्याने मला खिळ्यावरून ओढले आणि थेट खिडकीच्या काचेसमोर धरले. "हा घ्या साहेब, टोळीचा म्होरक्या!" रांगेत हशा पिकला.

"नियम मला शिकवू नका," साहेब खेकसला. "बाईंना सांगा, स्वतःचे कपडे घालून या. चला, पुढचा!"

मिरलांद जागची हलली नाही. ती साहेबाच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे टक लावून बघत होती.

"साहेब," ती म्हणाली, "तुमच्या फोटोतपण हेच पितळी बटण आहे की!"

होय, तो मीच होतो! नोकरी लागली तेव्हा हाच गृहस्थ मळक्या शर्टात, घामाघूम होऊन टपरीत आला होता. मी त्याची लाज राखली, आणि हा मलाच विसरला!

साहेबाने ओळखपत्र उलटे केले आणि तिच्या अर्जावर शिक्का मारला. मिरलांदची नोकरी वाचली. पण दुसऱ्याच दिवशी खिडकीवर पाटी लागली: 'उसन्या कोटातला फोटो चालणार नाही.' आता रांगेतले लोक एकमेकांचे स्वेटर घालून फोटो काढतात, आणि मी खिळ्यावर धूळ खातो.

मित्रांनो, धुळीचे मला काही वाटत नाही. कापडच मी, झिजायचाच. संताप येतो तो एकाच गोष्टीचा. मिरलांद त्याच्यापासून हातभर अंतरावर जिवंत उभी होती, आणि तो माणूस मला बघत होता. उद्या तुम्ही अशा एखाद्या खिडकीमागे बसलात, तर आधी मान वर करा आणि समोरचा चेहरा बघा. कोट नंतर बघा.