उखाण्यानंतरचा घास

सुनेत्रा, माझी बायको, आता मला ओळखत नाही. परदेशातल्या, हॅमिल्टनच्या या वृद्धाश्रमात आल्यावर जेवण समोर आलं की ती ओठ घट्ट मिटायची. पोटात नळी घालायची का ते ठरवा, असं डॉक्टर सांगून गेले होते.

मग चैत्राली आली. नागपूरची नर्स, इथे भरवण्या-आंघोळीचं काम करायची. तिने चमचा बाजूला ठेवला. "आजी, आधी नाव घ्या बघू!"

सुनेत्रा लाजली आणि लग्नातला उखाणा तिने घडाघडा म्हटला :

"पुस्तकांच्या ढिगात हरवते वाट,
हेमचंद्ररावांसाठी मांडते मी ताट."

आणि तोंड उघडलं. तेव्हापासून रोज हेच. मी मात्र दाराबाहेर. "या परक्या गृहस्थांसमोर कसलं नाव घ्यायचं?" म्हणून तीच मला घालवायची.

एके दिवशी चैत्राली म्हणाली, "काका, वर्क परमिट एक्स्टेंड नाही झालं. इथे कायम राहायचा, पीआरचा प्रोग्रॅमही सरकारने बंद केलाय. शुक्रवारी माझा लास्ट डे."

"मी मॅनेजरशी बोलू?"

"तुम्ही? जेवताना मीठ मागायला लाजता तुम्ही!" ती हसली, मग डोळे पुसले.

तरी बोललो. वाक्यं पाठ करून गेलो होतो, निम्मी विसरलो. मॅनेजरबाईच हताश होत्या. चैत्राली त्यांनाही हवी होती. दारावर 'कामाला माणसं हवीत' हा बोर्ड तसाच होता.

शनिवारी एजन्सीची बाई आली, रविवारी दुसरीच. दोघींनी जीव तोडून प्रयत्न केला. सुनेत्राचे ओठ मिटलेले. सोमवारी वाटी घेऊन मीच आत गेलो.

"ती पोरगी कुठंय?"

"गेली." नाव घ्या म्हणायला जीभ रेटेना. शेवटी मीच घेतलं. रात्रभर जुळवलं होतं, तरी बेतास बातच :

"खिडकीबाहेर बर्फ, वाटीत वरणभात,
सुनेत्राचं नाव घेतो, धरून तिचा हात."

हात धरायचा धीर झाला नाही. पण ती हसली. तिने घास घेतला.

"छान आहे हो तुमच्या मंडळींचं नाव," ती म्हणाली. "आणा त्यांना एकदा."

मी दुसरा चमचा पुढे केला. ओठ मिटलेले. तोच उखाणा पुन्हा म्हटला, मग आणखी एकदा, मोठ्याने. ती खिडकीबाहेर बघत राहिली.