राजाची मेजवानी न शिजवणारा हंडा

मी एक जुना, तडा गेलेला काशाचा हंडा आहे. तोंड माझे एवढे मोठे, की अख्खे वासरू आत बसावे. पण बोलायची खरी वेळ आली तेव्हा त्या तोंडातून शब्द फुटला नाही. मित्रांनो, या देशातले भाट घरोघर गातात, की दुंगल राजा भला होता आणि त्याच्या हंड्यानेच त्याला दगा दिला. ते ऐकून माझे पित्त खवळते. भाटांचे खूप ऐकलेत, आज माझे ऐका.

तोमीन तांबटाने मला घडवले. काशाचे पत्रे ठोकून, खिळ्यांनी एकाला एक जोडून, सबंध हिवाळा तो माझ्याशी झटत होता. मग मी लासरबाईच्या घरी गेलो. ते घर चार रस्त्यांवर होते. त्याला चार दारे होती आणि चारही सदा उघडी. येईल त्याला जेवू घालायचे, कोण कुठला हे विचारायचे नाही, ही त्या घराची रीत. माझ्यात जवाची पेज आणि डुकराचे मांस रटरटत असे. वाटसरू बोटे चाटत आणि माझ्या पोटावर थाप मारून पुढे जात.

आमच्याकडे राजांची मुले दुसऱ्याच्या घरी वाढतात. सात वर्षांचा दुंगल असाच लासरकडे आला. तिला तो दूधआई म्हणायचा. तिचा स्वतःचा मुलगा रुआन त्याच्याच वयाचा. माझ्या तळाच्या खरवडीसाठी दोघे रोज भांडत आणि लासर रोज ती दुंगलला देई. म्हणे, “तो आईपासून लांब आहे रे.” रुआन तोंड फुगवून बसे. मलाही दुंगल आवडत होता, खोटे कशाला सांगू?

दुंगल राजा झाला. उत्तरेच्या राजाने त्याला सांगून पाठवले, की आमची गुरे पळवणार नाही असे वचन दे आणि वचनापोटी घरचा माणूस ओलीस ठेव. दुंगलला सख्खा भाऊ नव्हता. तो रुआनला मागायला आला. लासर आधी नाहीच म्हणाली. तेव्हा त्याने माझ्या काठावर हात ठेवला.

“दूधआई, मी शब्द मोडला तर माझं अन्न या हंड्यात शिजू नये.”

“हसू नकोस, दुंगल. मला मंत्र येतो, ठाऊक आहे ना? बांधू?”

“बांध की! घाबरतो का मी?”

लासरने पदराची पिन काढली, माझ्या काठावरून तीनदा फिरवली आणि काही पुटपुटली. माझ्या अंगातून शिरशिरी गेली. मग तिने एका गाडीत रुआनला उत्तरेकडे धाडले आणि दुसऱ्या गाडीत मला दुंगलच्या वाड्यावर.

तीन वर्षे मी राजाच्या चुलीवर इमानाने उकळलो. चौथ्या शरदात दुंगलला उत्तरेच्या पांढऱ्या गुरांचा मोह पडला. माणसे घेऊन गेला आणि साठ गुरे हाकत आला. रुआन तिथे ओलीस आहे हे तो विसरला नव्हता, मित्रांनो. त्याला ते चालणार होते, एवढेच. मागोमाग उत्तरेचा निरोप आला: दहाव्या दिवसापर्यंत गुरे परत आली नाहीत, तर रुआन फासावर.

गुरे पायी न्यायला सहा दिवस लागतात. चौथ्या दिवशी सकाळी लासर वाड्याच्या दारात उभी राहिली.

“दुंगल, गुरं सोड. आत्ता निघाली तर पोचतात.”

“आत तर ये, दूधआई. जेवू, मग बोलू.”

“जेवायला आले नाही मी. बसायला आले.” आणि ती उंबऱ्याशी बसली.

सगळ्यांचे चेहरे पडले. कारण आमच्याकडे मोठ्या माणसाने अन्याय केला, की त्याच्या दाराशी उपाशी बसतात. दाराशी कोणी असे बसलेले असताना घरधन्याने घास घेतला, तर त्याची अब्रू गेली. मग त्याला राजा म्हणायचेही कारण नाही.

दुंगलने काय केले असेल? गुरे सोडली? छे! त्याने दारच बुजवायला लावले. दगडमातीने पुढचे दार लिंपले आणि मागची कुडाची भिंत फोडून नवे पाडले. त्यात तो दिवस गेला.

“आता ती भिंतीशी बसली आहे,” तो सरदारांना म्हणाला. “भिंतीशी कोणीही बसावं, आपलं काय जातं?” सरदार खो-खो हसले. ते हसणे अजून माझ्या पोटात घुमते.

पाचव्या दिवशी मेजवानी ठरली. चोरलेल्या गुरांतलेच एक कापून माझ्यात टाकले. बेक्कान आचाऱ्याने सकाळी जाळ केला. दुपार झाली, दिवस कलला, तरी पाण्याला वाफ नाही.

“महाराज, लाकडं संपत आली. हात घालून बघा, ओढ्याचं पाणी याहून गरम असेल.”

“तुला फुंकता येत नाही नीट!”

“फुंकून फुंकून तोंडाला फेस आलाय माझ्या. चुलीला काही झालेलं नाही अन् हंड्यालाही नाही. यावर हात ठेवून काय बोलला होतात, ते आठवा.”

दुंगलने कुऱ्हाड उचलली आणि सगळ्यांदेखत माझ्या पोटावर घातली. मी तडकलो. गार पाणी चुलीत सांडले, आग विझली आणि कच्चे मांस राखेत पडले. कोणी हसले नाही. बेक्कानने हातातला डाव फेकला, लिंपलेले दार लाथांनी पाडले आणि तो लासरशेजारी जाऊन बसला. “मीपण बसलो,” एवढेच म्हणाला. मग एकेक करून सरदारही बाहेर गेले. सगळा दरबारच दाराशी उपाशी बसल्यावर राजा करणार काय? सहाव्या दिवशी सकाळी गुरे निघाली आणि बाराव्या दिवशी पोचली.

रुआनला फासावर जाऊन दोन दिवस झाले होते. एक दिवस दार बुजवण्यात गेला, दुसरा माझ्या उकळण्याची वाट बघण्यात.

लासरने राजाकडे काही मागितले नाही, फक्त मला परत नेले. वर्षभराने दुंगल आला, सोबत म्हाताऱ्या तोमीनला घेऊन. हा हंडा पुन्हा उकळेपर्यंत त्याला राजा म्हणायचे नाही, असे लोकांनी ठरवले होते. “सांधू दे ना, दूधआई,” तो म्हणाला. माझ्या हातात असते तर मी त्याला चारही दारांतून हाकलले असते. लासर म्हणाली, “बैस. भूक लागली असेल.” दुसऱ्या भांड्यातली पेज तिने त्याच्यापुढे ठेवली. तो खाली मान घालून जेवला.

“खरवड रोज तुलाच दिली,” ती म्हणाली. “रुआनला एकदाही नाही दिली रे.”

दुंगल उठला आणि तोमीनला घेऊन निघून गेला. मला सांधायची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

आता मी कोपऱ्यात पडून असतो. माझ्यात कोंबड्या अंडी घालतात, पावसाचे पाणी साचते आणि पाझरून जाते. मित्रांनो, मला राखेने घासा, पुसून कोरडे ठेवा, उघड्यावर टाकू नका. पण माझा तडा बुजवू नका. दाराशी भाट आला तर त्याला आधी पोटभर जेवू घाला, ही या घराची रीत आहे. मग त्याला माझ्यापाशी आणा आणि तड्यावरून हात फिरवायला लावा. पत्रा बाहेरून आत दबलेला आहे. मग त्याला विचारा, कुऱ्हाड कोणाच्या हातात होती?