पात्राची खुर्ची

“नायिका शेवटी माफ करते. का, ते विचारायचं नाही.”

या खोलीत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मास्तर हे पहिल्याच दिवशी सांगतात. पंखा कुठल्या बटणाने लागतो, ते त्यानंतर.

मी एक खुर्ची. टीव्हीच्या मालिका लिहिणाऱ्यांच्या खोलीत राहते. हा नियम मी इतक्यांदा ऐकलाय की झोपेतही म्हणून दाखवीन. का, ते मी कधी विचारलं नाही. लाकडाला कोण उत्तर देणार?

मला एका सुताराने केलं, पण कुणाच्या घरासाठी नाही. एका मालिकेत न्यायाधीश होता, त्याला बसायला काहीतरी भारदस्त हवं होतं. समोरून मी शिसवीसारखी दिसते. मागून मात्र खरखरीत फळी आहे, कारण कॅमेरा मागे येणार नाही असं सुताराला सांगितलं होतं. त्यानेही मग मागे रंधा मारायचे कष्ट घेतले नाहीत. ती मालिका मधेच बंद पडली. न्यायाधीशाने निकाल दिलाच नाही. सेटच्या भिंती टेम्पोत घालून नेल्या आणि मला मास्तर इथे घेऊन आले.

मास्तर म्हणजे इथले मुख्य लेखक. त्यांनी मला काम लावलं. नवीन मालिकेचं मुख्य पात्र ज्याने सुचवलं, त्याने माझ्यावर येऊन बसायचं. बसला की तो तो नाही, पात्र. बाकीच्यांनी विचारायचं, त्याने पात्राच्या तोंडून उत्तरं द्यायची. तुला काय हवंय? तुला कशाची भीती वाटते? कुणाला कळू नये असं तुझ्यापाशी काय आहे? हे ठरलेले प्रश्न, पुढे ज्याला जे सुचेल ते.

“अडखळलास? मग पात्र कच्चं आहे. जा, पुन्हा विचार करून ये,” मास्तर म्हणायचे. आणि न अडखळता आलेलं उत्तर पक्कं. खुर्चीतलं उत्तर नंतर कुणी बदलायचं नाही, अगदी मास्तरांनीसुद्धा.

काय काय माणसं बसली माझ्यावर! एक टकलू, मिशाळ लेखक नवी नवरी होऊन बसला आणि सासू होऊन कुणी विचारलेल्या प्रश्नांनी खरंच घामाघूम झाला. संवाद लिहिणाऱ्या मावशी एकदा खलनायक होऊन बसल्या. सगळ्यांना फाडफाड उत्तरं दिली. उठताना म्हणाल्या, “घरी एवढं बोलू दिलं असतं, तर इथे कशाला आले असते?” सगळे हसले. त्या नाही हसल्या.

मग वाईट दिवस आले. मागच्या मालिकेतल्या मुलीचे कपडे बदलायचे, आजार बदलायचा आणि तीच पुन्हा उभी करायची, असं सुरू झालं. प्रश्न कुणी कुणाला विचारीना. माझ्यावर जुन्या फायली, कुणाची तरी छत्री आणि मोडका पंखा येऊन बसला.

तो पसारा काढला धाकटीने. धाकटी म्हणजे खोलीतली सगळ्यांत लहान, नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली लेखिका. मास्तरांचा नियम ऐकून तिने ताबडतोब “का?” असं विचारलं होतं.

“मोठी झालीस की कळेल,” मावशी म्हणाल्या होत्या.

“मोठं होऊन तुम्हाला कळलं का?”

“जीभ बघा हिची!” असं म्हणत मावशींनी तिच्यापुढे बिस्किटांचा डबा सरकवला होता.

धाकटीने नायिका आणली ती अशी. चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी बाई. लोकांचे वाढदिवस विसरते, पण कुणाच्या कुठल्या डोळ्याचा नंबर काय, ते विसरत नाही. जिना धावत उतरते. लहानसहान गोष्टींत सर्रास खोटं बोलते, मोठ्या गोष्टीत कधीच नाही. आणि भीती वाटली की हसते, त्यामुळे ती घाबरली आहे हे आजवर कुणाला कळलेलंच नाही. नवरा हात उचलतो. एक दिवस ती घर सोडून आईकडे येते, तिथून गोष्ट सुरू.

मास्तर कितीतरी वर्षांनी खुशीत आले. “पोरी, हिला बघायला माणसं जेवण सोडून उठतील. कुठून आणलीस गं?”

“तुम्हीच म्हणता ना, पात्र पोटातून यावं लागतं.”

गेला आठवडाभर सगळं सुरळीत चाललं होतं. आज दुपारी वाहिनीच्या बाई आल्या. मालिका दाखवायची की नाही, हे त्यांच्या हातात. नवऱ्याच्या भूमिकेसाठी एक लाडका नट मिळाला होता, आणि लाडक्या नटाला शेवटपर्यंत वाईट ठेवून चालत नाही. “तो पश्चात्ताप करतो, दाराशी येऊन रडतो. ती दार उघडते. तिथे पहिलं पर्व संपवा,” बाई म्हणाल्या.

“बस खुर्चीत,” मास्तर धाकटीला म्हणाले. “पात्रालाच विचारू.”

त्यांना वाटलं, नवी मुलगी आहे, अडखळेल. मग पात्र कच्चं ठरवून हवं तसं वळवता येईल. त्यांची चूक झाली.

ती बसली. खोटं बोलणारी माणसं माझे हात घट्ट धरून ठेवतात. हिचे हात मांडीवर होते.

“मी तुझा नवरा,” मास्तरांनी सुरुवात केली. “बाहेर उभा आहे. चुकलो म्हणतोय. दार उघडतेस?”

“नाही.”

“रडतोय गं तो.”

“ऐकू येतंय.”

मावशी पुढे सरकल्या. “मी तुझी आई. शेजारीपाजारी बघताहेत, बाळा. निदान आत तरी घे. बाईने मन मोठं करावं.”

“आई, मागच्या वेळी कडी तूच काढली होतीस.”

वाहिनीच्या बाई कागद चाळू लागल्या. “मागच्या वेळी? हे कथेत कुठे आहे?”

“कथेत नाही. आमच्या घरात आहे,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “ही माझी ताई. तिलाही हेच सांगितलं, मन मोठं कर. आईने सांगितलं, आत्याने सांगितलं, कधी घरी न येणाऱ्या काकांनीसुद्धा फोन करून सांगितलं. ती हसत हसत परत गेली. उन्हाळा संपायच्या आत निरोप आला, जिन्यावरून पडली. माझी ताई जिन्यावरून पडली! आणि सगळ्यांनी मान डोलावली.”

माझ्या अंगावर तिचं सगळं वजन आलं होतं.

“फार वाईट झालं, बाळ,” मास्तर हळू म्हणाले. “पण ही मालिका आहे. दिवसभर दमलेल्या माणसाला संध्याकाळी थोडी आशा नको?”

“दार उघडलं नाही म्हणून ती जगते. याहून मोठी आशा कुठली दाखवू?”

“नियम आहे आपला...”

“खुर्चीतलं उत्तर बदलायचं नाही, हाही तुमचाच नियम. मी अडखळले का?”

वाहिनीच्या बाईंनी घड्याळ पाहिलं. “हे बघ, तू नाही लिहिलंस तर दुसरं कुणीतरी लिहील.”

धाकटी उठली. मला तिने दोन्ही हातांनी फिरवलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

“लिहा. पण आधी कुणीतरी इथे बसा. माझी ताई व्हा. नवरा मी होते, रडतेसुद्धा. तिच्या तोंडून ‘उघडते’ म्हणून दाखवा, न अडखळता. मी ते लिहिणार नाही. आज नाही, उद्या नाही, तुमच्या वयाची झाले तरी नाही. कोण बसतंय?”

हे सगळं मी आत्ता सांगतेय, कारण खोलीत दुसरं कुणी बोलत नाहीये. मावशींनी डोळ्यांवर पदर धरलाय. वाहिनीच्या बाई फोनकडे बघताहेत, फोन बंद आहे. मास्तर उठून माझ्यापाशी आले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

बसा ना, मास्तर. इतक्या बायकांना तुम्ही माफ करायला लावलंत, एकदा त्यांच्या जागी टेकून बघा. मी मोडणार नाही.

धाकटी वाट बघतेय.